टेबलाची तिची बाजू

तो बायकोच्या खुर्चीत बसला आणि त्याच्या लक्षात आलं, आपल्याला यातलं काहीच येत नाही. सकाळी दाढी करताना सगळं पाठ होतं. आरशात एका गालाला साबण लावता लावता त्याने पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत सगळं मनात वाजवून पाहिलं होतं आणि कुठेही अडला नव्हता. हॉलमध्ये आल्यावर टेबलही नेहमीसारखं लावून झालं होतं. मधोमध सॅम्पलर, पकडलेले आवाज साठवून बोटाने वाजवायचं यंत्र, त्याच्यावरचे रबराचे चौकोनी पॅड ओळीने झोपलेले. एका बाजूला ते आवाज साखळीने फिरवणारा सिक्वेन्सर, दुसऱ्या बाजूला नॉब आणि सरकपट्ट्या असलेला चपटा कंट्रोलर. टेबलाच्या पुढच्या कडेला, त्याच्या स्वतःच्या बाजूला, मिक्सर. केबली त्याने डोळे मिटूनही लावल्या असत्या. पायाचं बटण टेबलाखाली तिच्या चपलेच्या जागी सरकवलं, टेबलाच्या पुढच्या कडेवरून चादर खाली सोडली, सगळे लाल दिवे लागलेले पाहिले आणि मग टेबलाला वळसा घालून तो पहिल्यांदाच पलीकडे गेला. बसला. समोर पाहिलं तर यंत्रं तीच होती, पण भाड्याचं घर बदलल्यावर पहिल्या दिवशी दिव्याचं बटण शोधत हात भिंतीवर फिरतो तसं त्याचं झालं. जे डावीकडे असायचं ते उजवीकडे होतं, जवळचं लांब गेलं होतं. त्याने पहिला ठोका म्हणून बोट मारलं आणि निघाली ती शिंक. त्याचीच शिंक, तिने पकडून, खेचून, जाड करून ठेवलेली. रिकाम्या हॉलमध्ये ती बोटीच्या भोंग्यासारखी घुमली.

"बाबा, जमतंय ना?" खुर्च्या भिंतीला लावत असलेल्या मुलीने विचारलं.

"जमतंय, जमतंय. यंत्र तापतंय जरा."

यंत्राला तापायला काही लागत नाही हे मुलीलाही माहीत होतं. अगदी तिच्या आईसारखी मान हलवून तिने पुढची खुर्ची उचलली. त्याने दुसरं पॅड दाबलं, तिसरं दाबलं. कुठलाच आवाज आपल्या घरी नव्हता. घाम फुटला. चूक कुठे झाली ते त्याला कळत होतं आणि कळत होतं म्हणून जास्तच ओशाळल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं तो समोर उभा राहिला होता. ती खुर्चीत, तो टेबलाच्या अलीकडे, पाठ नाचणाऱ्यांकडे आणि कान सगळीकडे. आवाज कमी-जास्त करणं हे त्याचं खातं. लोकांना जसं ऐकू येतं तसंच आपल्याला ऐकू यायला हवं, म्हणून लोकांच्या बाजूला उभं राहायचं, हे त्यानेच ठरवलेलं. तिथून त्याने तिचे हात पाहिले होते. दर रविवारी, इथल्या नाचाच्या वर्गात. आणि गेले कितीतरी दिवस दुकानात, चष्म्याच्या काउंटरवर बोटं मारत मारत त्याने जे पाठ केलं होतं ते समोरून पाहिलेलं होतं. एका गिऱ्हाइकाने विचारलंही होतं, "काय हो, टायपिंगची परीक्षा आहे का?" तेव्हा तो खुशीत हसला होता. खरं तर जन्म गेला समोरच्या माणसाच्या नाकावर चष्मा बसवण्यात. समोरच्याचा उजवा कान आपल्या डावीकडे येतो हे त्याला कोणी सांगायला नको होतं. पण घरी यंत्रांच्या पेट्या उघडायचा धीर झाला नव्हता. तिने शेवटचं झाकण लावलं होतं तसंच राहू दे, रविवारीच उघडू, आपल्याला तर सगळं दिसतंय की डोळ्यांसमोर, असं म्हणत म्हणत रविवार आला.

रेकॉर्ड केलेलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण तिने ते कधी केलं नाही. यंत्रात होते नुसते तुकडे: आवाज आणि आवाजांच्या लहान लहान साखळ्या, गोल गोल फिरणाऱ्या. कुठली साखळी किती वेळ फिरू द्यायची, कुठे एखादा आवाज झाकायचा, कुठे दोन एकमेकींत सोडायच्या, हे सगळं तिच्या हातात. सिक्वेन्सरला सांगितलं की तो सगळं एकापाठोपाठ एक आपोआप वाजवतो, ही सोय तिला माहीत होती. त्याने एकदा सुचवलंही होतं. "मग मी तिथे बसून काय करू, भाजी निवडू?" ती म्हणाली होती. "अहो, लोकांचे गुडघे बघून ठरवावं लागतं. दमले तर लवकर उतरायचं, रंगात आले तर ताणायचं. पेटीला गुडघे दिसतात का?" त्यामुळे ती गेल्यावर तुकडे सगळे जागच्या जागी राहिले आणि ते जोडणारं कोणी उरलं नाही. आणि ते जोडलेलं जगात एकाच माणसाने इतक्यांदा, इतक्या जवळून पाहिलं होतं. म्हणून तर वर्गातल्यांनी वाजवाल का विचारल्यावर तो हो म्हणाला होता. आज नाही जमलं तर ते कायमचं गेलं, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीला मात्र कळलं असावं, कारण सुटी काढून ती आदल्या दिवशीच आली होती आणि येताना "सहज आले" असं दोनदा म्हणाली होती.

दार ढकलून शिट्टीबाई आत आल्या. या नाच शिकवायच्या. पूर्वी शाळेत कवायत घेत. नोकरी संपली पण गळ्यातली शिट्टी राहिली, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणत, अगदी त्यांच्या तोंडावर. त्यांच्यामागून एकेक जण येऊ लागला. पन्नाशी-साठीची माणसं, पायात कापडी बूट, हातात पाण्याच्या बाटल्या. औषधाचं दुकान चालवणारा आणि त्याची बायको, नेहमीसारखे कशावरून तरी वाद घालत. लिफ्ट दुरुस्त करणारा लांबोडा. बँकेतून निवृत्त झालेल्या दोघी बहिणी, ज्यांतली थोरली कोण ते कोणालाच कळत नसे. टेबल लावलेलं पाहून सगळे दारातच जरा थबकले. मग एकदम बोलायला लागले.

"भाऊ, वाचवलंत हो," शिट्टीबाई म्हणाल्या. "मोबाइलवर नाचून नाचून कंटाळा आला. मागच्या वेळी ऐन गिरकीत फरशीची जाहिरात लागली. आम्ही सगळे हात वर करून उभे, आणि बाई विचारतेय, तुमची फरशी घसरते का?"

"माझी घसरली होती खरी," लांबोडा म्हणाला.

"तुमची अक्कल घसरली होती. भाऊ, वहिनींचं सगळं येतं ना तुम्हाला? पहिल्यापासून?"

तो म्हणाला, "बघू या," आणि त्याच क्षणी त्याने मनात ठरवून टाकलं की आवरायचं. केबल खराब आहे म्हणायचं. एवढी वर्षं यंत्रं वाहिली, एक खोटं बोलायचा हक्क आपल्याला आहे. आजच्या दिवस त्यांना फरशीवाली बाई चालेल. तो उठला, टेबलाला वळसा घालून आपल्या बाजूला आला, कारण सोडवायची पहिली केबल नेहमी इकडून सुटायची, आणि सॅम्पलरच्या मागचं बटण बंद करायला वाकला.

वाकला तसाच राहिला. सगळं जागेवर आलं होतं. पॅड उलटे होते, पडद्यावरची अक्षरं डोक्यावर उभी होती आणि त्याला ती तशीच ओळखीची होती. ते तिचं शिक्क्याचं पॅड, तिच्या जवळच्या कोपऱ्यातलं, त्याला लांब पडणारं. ती वाचनालयात कामाला होती, पुस्तकावर तारखेचा शिक्का मारायचा जो आवाज, ठक्क, तो तिने जेवणाच्या सुटीत माईक शालीत गुंडाळून नेऊन पकडून आणला होता. घरी आणून त्याचा सूर एवढा खाली उतरवला की खिडकीच्या काचा थरथरल्या आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठी आपटली. "बघा, त्यांनाही ताल धरावासा वाटला," ती म्हणाली. दिवसभर लोकांना शू शू करायचं, मग घरी आल्यावर थोडा आवाज नको का माणसाला, असं तिचं म्हणणं. शिक्क्याशेजारी चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज. तो त्याच्या दुकानातला. डब्या त्याने आणल्या होत्या आणि ती गालिच्यावर मांडी घालून एकेक मिटून ऐकत बसली होती, बाजारात टिचकी मारून मडकं पारखावं तशी. "ही ओलसर वाजते. ही बरी. ही जरा खोकते, ही ठेवा." वरच्या ओळीत इस्त्रीची वाफ, बारीक बारीक कापून टाकलेली. वाचनालयातल्या ढकलगाडीच्या चाकाची कुरकुर. आणि ती शिंक. ती चुकून सापडली होती. ती काचेचा पेला वाजवून पकडत होती, "श्वाससुद्धा घेऊ नका" म्हणाली होती, आणि श्वास रोखल्यामुळेच त्याला शिंक आली. तो माफी मागत राहिला, ती कान यंत्राला लावून हसत सुटली. पेला मग पकडला तरी राहिला बाजूलाच.

त्याचा डावा हात पुढे गेला. विचार करून गेला नाही. तिचा उजवा जिथे असायचा तिथे त्याचा डावा, एवढंच. ठक्क. मग डबी. मग पुन्हा ठक्क, जरा उशिरा, कारण ती तो नेहमी जरा उशिरा मारायची, आळसावलेला. "यंत्र बरोबर वाजवतंच हो, आपण कशाला बरोबर वाजवायचं?"

हॉलमधला कलकलाट थांबला. पाठीमागे काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं, पण शिट्टी ओठात धरल्यावर जो श्वास होतो तो ऐकू आला.

"बाबा, तुम्ही खुर्चीत बसा ना, असे वाकून कसे वाजवणार?" मुलगी म्हणाली.

"गप्प बस. इकडूनच येतं मला."

"अहो पण उलटं आहे ते!"

"तुझ्या आईला म्हणावं. तिने मला असंच शिकवलंय."

हे बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच हसू आलं. तिने त्याला काहीच शिकवलं नव्हतं. फक्त समोर बसून वाजवलं होतं, कधी कधी हात न थांबवता वर बघून भुवई उडवायची, म्हणजे शिक्का वाढवा. आता त्याने स्वतःच मिक्सरवरची शिक्क्याची पट्टी वर केली, सिक्वेन्सरचं बटण दाबलं, पहिली साखळी फिरायला लागली आणि शिट्टी वाजली. त्याच्या पाठीमागे सगळी फरशी एकदम हलली. बुटांच्या तळव्यांचा तो पहिला ठेका त्याच्या मणक्यात चढला. दुसऱ्या साखळीला कंट्रोलर लागायचा. या कंट्रोलरला स्वतःचा आवाज नाही, तो नुसता बाकीच्यांना हुकूम सोडतो, हे वाढवा, ते झाका, म्हणून तिने त्याचं नाव सासूबाई ठेवलं होतं, आणि तेही खऱ्या सासूबाई, म्हणजे त्याची आई, घरात असताना. सासूबाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती पेटी नीट पाहिली आणि म्हणाल्या, "एवढी बटणं असती माझ्याकडे तर आणखी काय हवं होतं!" कुठला नॉब काय करतो ते तिने कुठे लिहून चिकटवलं नव्हतं, वाफेच्या नॉबला नखरंगाचा ठिपका होता, बाकीचे बोटांना ठाऊक. तो ठिपका आता त्याच्या बोटाखाली आला. हळूहळू फिरवला आणि वाफ आत शिरली, स् स् स्, आणि पाठीमागे कोणीतरी "आहाहा" केलं.

त्याला वाटलं होतं की हे वाजवताना रडू येईल. त्यासाठी खिशात रुमाल नीट घडी करून ठेवलाही होता. पण रडायला सवड नव्हती. एक हात साखळी बदलतोय तोवर दुसऱ्याने चाकाची कुरकुर झाकायची, मध्येच मिक्सर, आणि पुढचं पुढचं हात आपोआप काढत होते. तो स्वतः मागून धावत होता, बस सुटल्यावर धावावं तसा, आणि दर वेळी दांडी हाताला लागत होती. एका जागी तो चुकला. कुरकुर उघडायच्या जागी पेला उघडला, तिने कधीच न वापरलेला तो पेला, आणि किणकिण करत तो सगळ्यावर पसरला. पण थांबवायला गेला तर पुढची जागा हुकली असती, म्हणून राहू दिला. दोन फेऱ्यांनी तो पेला जणू पहिल्यापासून तिथेच होता. आता शिंक. तिची भुवई वर जायची ती या जागी. त्याने सगळे आवाज एकदम झाकले, क्षणभर नुसती शांतता धरून ठेवली, ती धरायची तशी, थोडी जास्तच, आणि बोट मारलं. भोंगा घुमला आणि पाठीमागे सगळी माणसं हात वर करून ओरडली. औषधवाल्याची बायको सर्वांत मोठ्याने. शिट्टीबाई शिट्टी विसरून "हां! हां! हां!" करत होत्या.

आणि मग त्याला शेवट आठवला. म्हणजे शेवट नाही हे आठवलं. शेवट जवळ आला की तिचा एक खांदा जरासा खाली जायचा आणि सगळं अलगद मिटायचं. ते पायाच्या बटणाने व्हायचं, जे त्यानेच मघाशी टेबलाखाली सरकवलं होतं, पलीकडे, तिच्या चपलेच्या जागी. त्याने चादरीखालून पाय लांब करून पाहिला. टेबलाचा आडवा दांडा नडगीला लागला. साखळी फिरत राहिली. एकदा, पुन्हा, पुन्हा. माणसं नाचतच होती.

"बाबा, काय झालं?" मुलगी जवळ आली होती.

"शेवट पलीकडे राहिला."

तिने चादर उचलून पाहिलं आणि हसायलाच लागली. "मी जाऊन दाबू का?"

तो नको म्हणाला. का ते त्याला नीट सांगता आलं नसतं. तो तिचा शेवट होता आणि तिच्या पायाचा होता. त्याने तो कधी पाहिला नव्हता, तेव्हा तो त्याला येत नव्हता, साधी गोष्ट. त्याला येत होता तो मिक्सर. तिकडे ती कधी हात लावायची नाही. एकदा धूळ पुसायला म्हणून लावला होता तर तो तीन दिवस कुरकुरला होता. त्याने वाफेची पट्टी खाली ओढली. वाफ विरली. मग चाक. मग पेला, हळूच, त्याच्यावर जरा जीव जडला होता. मग डबी. उरला नुसता शिक्का, ठक्क, ठक्क, आणि त्याच्या भोवती पावलं. शिक्क्याच्या पट्टीवर बोट ठेवून तो क्षणभर थांबला, आणि मग तीही खाली सरकवली.

पावलं थांबली नाहीत. आवाज गेल्याचं त्यांच्या ध्यानातच आलं नसावं, किंवा आलं असेल आणि त्यांना ते आवडलं असेल. पूर्ण शांत हॉलमध्ये एवढ्या माणसांचे बूट एकत्र पडत होते, थोडे पुढेमागे, एखादा घसरत, श्वासांसकट. तो ऐकत राहिला. मग त्याचा हात टेबलाखालच्या पिशवीत गेला. माईक बाहेर आला, शाल गुंडाळलेलाच. माईकची केबल कुठे जाते ते त्याला माहीत होतंच. आवाज पकडायचं बटण कुठलं तेही माहीत होतं, इतक्यांदा त्यासाठी श्वास रोखला होता. मुलीने न विचारता माईक घेतला आणि फरशीजवळ वाकून धरला. सगळ्यांना पाहता यावं म्हणून तो वळला.

नाचणारी माणसं तोंडावरून अशी दिसतात हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे डोळे आत कुठेतरी लागलेले, तोंडं अर्धवट उघडी, बँकवाल्या बहिणी एकमेकींचा हात धरून, लांबोडा एकटाच उलट्या दिशेला. शिट्टीबाईंनी माईक पाहिला आणि बोट ओठांवर ठेवलं, आणि पावलं आणखी जपून, आणखी मजेने पडायला लागली. मग औषधवाल्याला हसू फुटलं आणि सगळंच कोसळलं.

"पकडलं?" मुलीने विचारलं.

पडद्यावर डोक्यावर उभ्या अक्षरांत यंत्र विचारत होतं, कुठे ठेवू? त्याने वाकून पॅड पाहिले. शेवटच्या ओळीत एक जागा मोकळी होती. तिथे ठेवलं आणि यंत्राला जतन कर म्हणून सांगितलं, कारण हे सांगितलं नाही तर वीज गेल्यावर सगळं जातं, हे तो तिला नेहमी बजावायचा. मग बोट मारलं. पावलं हॉलभर पुन्हा पडली. घाम पुसत सगळे टेबलाभोवती गोळा झाले.

"पुन्हा लावा, पुन्हा लावा."

त्याने पुन्हा बोट मारलं.

"हे ऐकलंत का? हा जो मागून येतोय ना, फरफटत? हे तुम्ही," औषधवाल्याची बायको नवऱ्याला म्हणाली.

"मी? मी काय फरफटतो? तो तुझा बूट आहे."

"माझा बूट कालच घेतलाय!"

"नवाच वाजतो तसा. विचार यांना. भाऊ, तुम्ही सांगा, कोणाचा पाय आहे?"

"कळेल," तो म्हणाला, आणि सूर खाली उतरवायचा नॉब शोधू लागला. "जरा जाड करून बघू."